सर्व्हरवरचं पूनमचं घर

किस्से कसे जमतात हे मी आमच्या गावच्या पाण्याच्या टाकीखाली बसून पाहिलं आहे. एक जण काहीतरी सांगतो. दुसरा म्हणतो, "हे तं काईच नाई, माह्यं आयक," आणि त्याच्यावर आपला किस्सा रचतो. तिसऱ्याला घरून हाक येते, पण आपला सांगितल्याशिवाय तो उठत नाही. मी चारचौघांत फारशी बोलत नाही. त्यामुळे माझा किस्सा मध्ये येत नाही आणि बाकीच्यांचे सगळे माझ्याजवळ जमा होतात.

टाकीखालीच बसायचं कारण साधं आहे. मेडशीकडच्या टॉवरचं नेटवर्क आमच्या गावात तिथेच नीट येतं. आमचा ग्रुप चौघांचा. मी, माझा चुलत भाऊ मंगेश, कृषी केंद्रवाल्यांचा गौरव आणि पूनम. मंगेश आणि गौरव बारावीत, मी आणि पूनम नववीत. पूनम आमच्या शेजारी राहते, म्हणजे मधली भिंत एकच.

पुढचे किस्से एकाच गेमचे आहेत, फक्त पहिला वेगळ्या गेमचा आहे. पण माझ्या मनात धास्ती त्या पहिल्यापासूनच बसली, म्हणून तो आधी सांगते.

*

गौरवच्या घरी कम्प्युटर आहे. वाढदिवसाला त्यानं बाबांच्या मागे लागून अकोल्याहून एक गेम विकत आणवला. चांगला चकचकीत डबा होता. आम्ही सगळे पाहायला गेलो.

डबा उघडला तर आत सीडी नव्हतीच. एक कागद होता आणि त्यावर आकडे-अक्षरं छापलेली होती. तो कोड टाकायचा आणि गेम नेटवरून उतरवून घ्यायचा.

गौरवचे बाबा बियाणं विकतात. त्यांनी डबा उलटा करून झटकला आणि म्हणाले, "मी गिऱ्हाइकाले रिकामी पिशवी देल्ली अन् म्हटलं बियाणं हवेतून येईन, तं माह्यं दुकान राहीन काय गावात?"

तरी गौरवनं तो गेम उतरवला. दोन दिवस लागले. मग श्रावणात झड लागली, टॉवर बंद पडला, आणि गेम सुरूच होईना. स्क्रीनवर येत होतं की इंटरनेट जोडा, मगच खेळता येईल.

बाबांनी विचारलं, "हा कोणासंग खेळाचा गेम हाय?"

गौरव म्हणाला, "एकट्यानंच खेळाचा."

"मंग एकट्याले खेळाले कोणाले इचारा लागते?"

तो डबा अजून त्यांच्या शोकेसमध्ये आहे. पाहुण्यांना वाटतं आत काहीतरी आहे.

*

आमचा खरा गेम म्हणजे वस्तीवाला गेम. त्याचं नाव इंग्रजी आणि लांब आहे, पण आम्ही त्याला वस्तीच म्हणतो. त्यात प्रत्येकाला मोकळी जागा मिळते; आम्हा गावातल्यांच्या जागा शेजारी शेजारी आहेत. तिथे आपल्या बाहुलीला फिरवत घर बांधायचं, झाडं लावायची, भाजी काढायची. मोबाईलवर चालतो, पण नेट सतत लागतं. नेट गेलं की घरही दिसत नाही, कारण ते आपल्या फोनमध्ये नसतंच. ते कंपनीच्या कुठल्यातरी सर्व्हरवर असतं. आणि दोन दिवसांतून एकदा तरी लॉगिन केलं नाही तर अंगणात तण वाढायला लागतं. बरेच दिवस कोणी आलं नाही तर ती जागा दुसऱ्याला देऊन टाकतात.

मागच्या निंदणीच्या दिवसांत मंगेश वावरातून पाणी प्यायला म्हणून निघाला आणि टाकीच्या पायऱ्यांवर येऊन बसला. त्याचे वडील, म्हणजे माझे बाबाराव काका, शोधत शोधत तिथे आले. मंगेशला ते दिसले नाहीत. काका मागे उभे राहून बराच वेळ स्क्रीन पाहत होते.

"काय करून राह्यला?"

मंगेशच्या तोंडून खरं निघून गेलं. "निंदून राह्यलो."

काका म्हणाले, "खऱ्या वावरात तण कमरेएवढं झालं, अन् हा फोनमधलं निंदते."

हा किस्सा मंगेश स्वतःच सगळ्यांना सांगतो. पण त्याच्या पुढचं तो सांगत नाही. काकांनी त्याला हाताला धरून उठवलं आणि चालता चालता विचारलं, हे निंदलं नाही तर काय होते. मंगेश म्हणाला, जागा जाते. काकांनी विचारलं, जागा कोणाची. मंगेश म्हणाला, माझी.

"तुह्यी हाय, तं नुसतं न गेल्यानं जाते कशी?"

मी मागून घागर घेऊन चालत होते. त्या रात्री मी माझ्या जागेवर दोनदा जाऊन आले.

*

दिवाळी झाली की आमच्या आळीतली काही घरं ऊसतोडीला जातात. सांगली-कोल्हापूरकडे. मग उन्हाळा लागेपर्यंत त्या घरांना कुलूप असतं. आमच्याकडची रीत अशी की चाबी शेजाऱ्याजवळ ठेवायची. शेजारी अंगण झाडतो आणि संध्याकाळी दारात दिवा लावतो. बंद घर बंद दिसू नये, एवढंच.

पूनमच्या घरची चाबी आईजवळ असते. या वेळीही ट्रॅक्टर येऊन उभा राहिला तेव्हा पूनमच्या आईनं, म्हणजे कमलमावशीनं, पदराच्या गाठीची चाबी सोडून आईच्या हातात दिली. तेवढ्यात पूनम मला भिंतीआड घेऊन गेली आणि माझ्या कानात तिचा वस्तीचा पासवर्ड सांगितला. त्यांच्या कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपडीत, नेट लागत नाही. चढावर जावं लागतं, तिथेही कधी फोन लागतो, कधी नाही.

"तण होऊ देऊ नको," ती म्हणाली.

दुसऱ्या ट्रॅक्टरमधल्या दोन पोरांनी ते पाहिलं. त्यांनीही येऊन आपापले पासवर्ड सांगितले. मी बोलत नाही, म्हणजे मी कोणाला सांगणार नाही, असा त्यांचा हिशोब.

पूनमचं वस्तीतलं घर कसं आहे ते सांगायला हवं. मंगेशच्या जागेवर नुसता कारंजा आहे. गौरवनं किल्ला बांधला आहे. पूनमनं स्वयंपाकघरापासून सुरुवात केली. उभ्यानं स्वयंपाक करायचा ओटा, ओट्याच्या वर मोठी खिडकी, आत नळ, आणि मागे दार असलेली न्हाणी. कमलमावशीला चुलीच्या धुरानं खोकला होतो आणि फार वाकलं की कंबर धरते. हे सगळं पूनम बोलली नाही, तिनं बांधलं. सातवीपासून बांधते आहे.

मावशीनं ते घर पाहिलं नव्हतं. पूनम म्हणायची, "आई, पाह्य ना एक डाव." मावशी म्हणायची, आल्यावर पाहू. आल्यावर पेरणीचे दिवस यायचे.

*

मी रोज शाळेतून आल्यावर टाकीखाली बसून तिघांच्या घरी जायची. आई दिवे लावायची आणि मी लॉगिन करायची. महिनाभर सगळं नीट चाललं. मग एके दिवशी पूनमच्या घराऐवजी पांढरी स्क्रीन आली. एकाच फोनवरून फार खाती उघडली जात आहेत, तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा.

मंगेश म्हणाला, "आन इकडं, मी करतो सिद्ध."

नऊ फोटो होते. त्यातले आग विझवायच्या नळाचे निवडायचे होते. आम्ही तो नळ कधी पाहिलेला नाही. परदेशातल्या फुटपाथवर लाल बुटकं काहीतरी उभं होतं. मंगेशला ते रंगवलेल्या सिलेंडरसारखं वाटलं, म्हणून त्यानं ते सोडून दिलं आणि ज्या फोटोत पाइप दिसला तो निवडला. चूक निघालं. मग सिग्नलचे फोटो आले. ते आम्हाला माहीत होते, पण एका फोटोत सिग्नलचा फक्त खांब होता. खांब धरायचा की नाही यावर गौरव आणि मंगेशचं भांडण झालं.

शेवटी प्रश्न आला, तुमच्या पहिल्या पाळीव प्राण्याचं नाव काय. ते पूनमनं भरलेलं होतं. दोन दिवस तिचा फोन लागला नाही. तिसऱ्या दिवशी लागला तेव्हा मागे कोयत्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, पहिली शेळी कोणती लिहिली होतीस.

"काळी," पूनम म्हणाली. "पण ते काहून इचारून राह्यले? ते तं इकली."

नाव टाकलं. घर उघडलं. पायरीपाशी गुडघ्याएवढं तण होतं. मी ते काढलं, पण त्या दिवसापासून लॉगिनचं चक्र फिरायला लागलं की ते थांबेपर्यंत मी स्क्रीनवरून नजर काढायची नाही.

*

असं पुन्हा होऊ नये म्हणून मी कंपनीला इंग्रजीत मेल लिहिला. मला इंग्रजी बोलता येत नाही, लिहिता येतं. मी लिहिलं की पूनमचे आईवडील ऊस तोडायला गेले आहेत, आमच्या गावात शेजारी घर सांभाळतात, आणि मी तिची शेजारी आहे. व्याकरण तीनदा तपासलं.

लगेच उत्तर आलं. मला वाटलं होतं आठवडा लागेल. त्यात सुरुवातीला लिहिलं होतं की आमचा गेम तुम्हाला आवडतो हे वाचून आनंद झाला. खाली लिहिलं होतं की आपलं खातं दुसऱ्याला वापरायला देणं नियमाबाहेर आहे, आणि गेममधल्या वस्तू खेळणाऱ्याच्या मालकीच्या नसतात. त्यांना फक्त त्या वापरायचं लायसन्स दिलेलं असतं.

मी तो मेल इंग्रजीच्या सरांना दाखवला. सर म्हणाले, "म्हणजे परवानगी. दिली तशी काढूनही घेता येते."

टाकीखाली मी हे सांगितलं तेव्हा मंगेश म्हणाला की लायसन्स तर गाडीचं असतं, आणि गाडी आपलीच असते. गौरव म्हणाला, इथे गाडीही त्यांची.

तोडगा मंगेशनं काढला. एका फोनवर एकच खातं ठेवायचं. मी माझं स्वतःचं बंद करून पूनमचं ठेवलं. उरलेल्या दोन पोरांपैकी एकाचं गौरवनं बाबांच्या फोनवर घेतलं आणि एकाचं बाबाराव काकांच्या फोनवर टाकलं. काका आधी चिडले. मग त्यांनी विचारलं, हे घर कोणाचं. मंगेशनं त्या पोराचं नाव सांगितलं.

"त्याच्या बापानं माह्या वावराची राखण केली होती," काका म्हणाले. आणि फोन ठेवून घेतला.

आठवड्याभरानं काका सकाळी आमच्या दारात उभे. मला म्हणाले, "त्या पोट्ट्याचे टमाटे लाल झाले. तोडू का राहू देऊ?"

*

होळीच्या आधी वस्तीत वरच्या बाजूला लाल पट्टी आली. आधी मला वाटलं ऑफर असेल. पट्टीवर लिहिलं होतं की इतक्या वर्षांच्या सुंदर आठवणींबद्दल आभार, पुढच्या गुरुवारी दुपारी साडेतीनला हा गेम कायमचा बंद होईल. भरपाई म्हणून कंपनीच्या दुसऱ्या गेममध्ये शंभर नाणी मिळतील. त्या दुसऱ्या गेममध्ये गाड्या पळवायच्या असतात.

मंगेशनं दोन शिव्या दिल्या. गौरवनं शोधून पाहिलं की किल्ला फोनमध्ये उतरवून ठेवता येतो का. येत नव्हता. काकांनी विचारलं, आपण बांधलेलं आपल्याला देऊन का टाकत नाहीत, त्यांना ते कशाला हवं. गौरव म्हणाला, त्यांनाही नको आहे. काकांना हे सगळ्यात अवघड गेलं.

साखर कारखाना बंद व्हायला अजून वेळ होता. पूनम पाडव्याच्या आसपास येणार. तोपर्यंत घर नसणार.

मी तिला फोन लावला आणि शाळेचं सांगितलं. दुसऱ्या दिवशी लावला आणि वार्षिक परीक्षेचं सांगितलं. तिसऱ्या दिवशी तीच म्हणाली, "तू काई लपवून राह्यली."

मग मी सांगितलं. मी दोनदा फोन कानावरून काढून पाहिला, कट तर झाला नाही.

"आईले एक डाव दाखवाचं होतं," ती म्हणाली.

मी घराचे स्क्रीनशॉट काढून पाठवले. ते तिच्या फोनवर पोचायला एक दिवस लागला. तिनं आईला दाखवले. मावशी म्हणाली, चांगलं घर आहे, कोणाचं आहे. पूनम म्हणाली, आपलं. मावशी हसली आणि भाकरी उलटायला गेली. फोटो तर कोणाच्याही घराचा असतो.

पूनमनं मग चढावरून फोन केला. गुरुवारी कारखान्याच्या गावचा बाजार असतो, तिथे नेट चांगलं येतं. त्या दिवशी टोळी दुपारी सुटते. ती आईला घेऊन येणार होती. मी घरातून चालायचं आणि ते व्हिडिओ कॉलवर दाखवायचं.

"आईले सांगितलं का बंद होते म्हणून?" मी विचारलं.

"नाई. सांगितलं तं ती येणारच नाई."

*

गुरुवारी मी शाळेतून मधल्या सुट्टीत निघून आले. मंगेश, गौरव आणि काका आधीच टाकीखाली होते. माझ्या फोनवर वस्ती, काकांच्या फोनवर कॉल, असं ठरलं होतं. काकांनी फोन पुसून ठेवला होता. वस्तीत लाल पट्टीवर आता उलटी मिनिटं चालली होती.

पूनमचा कॉल आला नाही. दोन वाजले, अडीच वाजले. काकांनी तीनदा विचारलं की आपला फोन चालू आहे ना. गौरव म्हणाला, ट्रॅक्टर अडकला असेल. मी पूनमच्या अंगणात नुसती उभी होते. दुसरीकडे जाण्याची हिंमत नव्हती. नेट गेलं आणि परत आत घेतलं नाही तर?

सव्वातीनला कॉल लागला. आधी बाजाराचा गलका, मग पूनमचं कपाळ, मग पिशव्या घेऊन उभी असलेली कमलमावशी. तिचा चेहरा उन्हानं काळवंडला होता. काकांनी त्यांचा फोन माझ्या फोनवर धरला.

"हे कोणाचं अंगण होय?" मावशीनं विचारलं.

"आपलं," पूनम म्हणाली.

"आपल्याले एवढं अंगण कुठं हाय?"

पूनम म्हणाली, पाह्य तं खरी. मी दाराकडे चालायला लागले. पायरी चढले.

"थांब," मावशी म्हणाली. "पोरीनं चप्पल काढली का?"

गेममध्ये चप्पल काढता येत नाही. मी दारातच थांबले. माझा अंगठा हलेना. बाबाराव काका फोनकडे तोंड करून म्हणाले, "काढली, काढली. जाय वं आत."

मी आत गेले. मी हळूहळू स्वयंपाकघरात नेलं. ओटा दाखवला. नळ दाखवला, सोडून बंद केला. भांडी लावायची फळी दाखवली, त्यावर पूनमनं एकसारखे पाच डबे मांडले होते.

"ओटा उंच झाला जरासाक," मावशी म्हणाली.

"तुह्या मापानं केला, आई. उभं राहून पाह्य."

मावशी बाजारात उभीच होती. तिनं पिशव्या एका हातात घेतल्या आणि दुसरा हात कमरेच्या वर हवेत आडवा धरला. मग म्हणाली, "नाई, बरोबर हाय."

मी खिडकी उघडली. बाहेर काकांनी सांभाळलेले टमाटे दिसत होते आणि त्यामागे मंगेशचा कारंजा.

"धूर जाईन इथून," मावशी म्हणाली.

"गॅस हाय, आई. धूर नाई होत."

"असू दे. खिडकी पाह्यजेच."

मंगेशनं मला कोपरानं ढोसलं. पट्टीवर तीन मिनिटं राहिली होती. मला न्हाणी दाखवायची होती. मी वळले, तेवढ्यात मावशी म्हणाली, "तिले बस म्हणा. आल्यापासून उभीच हाय. कोणाच्या घरी गेलं तं जराशीक बसाव."

मी पूनमकडे पाहिलं. काकांच्या फोनमध्ये तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. ती म्हणाली, "बस."

खिडकीशेजारी एक खुर्ची होती. मी बसले. मग कोणीच काही केलं नाही. खिडकीतून वस्तीतलं ऊन ओट्यावर येत होतं. मावशी ते पाहत होती. तिच्या मागे कोणीतरी मेथीचा भाव सांगत होतं. पट्टीवरचे आकडे बारीक होते आणि तिकडून ते वाचता येत नसावेत, अशी माझी समजूत होती.

स्क्रीन काळी झाली. मध्ये छोटं पांढरं चक्र फिरायला लागलं.

काकांनी त्यांचा फोन खाली घेतला नाही. गौरवनं तोंड फिरवलं.

"लाइन गेली वाटते घरातली," मावशी म्हणाली. तिनं पिशव्या खाली ठेवल्या आणि फोन नीट धरला. "येईन आता. थांबतो आमी."